गाळप बंद, सहल सुरू

किसुमूमध्ये आमची एकही सहल ठरवून झाली नाही. कारखान्यात काहीतरी मोडायचं आणि आम्ही निघायचो.

किसुमू म्हणजे केनियातलं, व्हिक्टोरिया तलावाच्या काठावरचं शहर. तलाव हा शब्द मी सवयीने वापरते, पण त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही आणि वारा सुटला की लाटा येतात, त्यामुळे नवीन आलेला माणूस त्याला समुद्रच समजायचा. शहराबाहेर उसाचं सपाट मैदान, मैदानात एक साखर कारखाना आणि कारखान्याच्या कुंपणाच्या आत आमची वसाहत. आमचे हे तिथे लॅबमध्ये केमिस्ट होते. शेजारच्या घरात सांगलीकडचे एक इंजिनियर, त्यांची बायको आणि लहान मुलगी. मी त्यांना भावजी म्हणायचे, ते मला वहिनी. आमचा मुलगा त्या मुलीहून थोडासा मोठा. कॉलनीत मराठी बोलणारी एवढी दोनच घरं, तेव्हा पटलं नसतं तरी पटवून घ्यावं लागलं असतं. सुदैवाने पटलं.

साखर कारखान्याचं एक गणित आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मिल रात्रंदिवस चालते. रविवार-बिविवार तिला ठाऊक नसतो. गाळप चालू आहे तोवर केमिस्टला सुट्टी नाही, कारण रस सारखा येत असतो आणि सारखा तपासावा लागतो. मिल चांगली बंद पडली की आधीचा रस संपेपर्यंत लॅब चालते आणि मग केमिस्ट हात हलवत घरी येतो. रसच नाही तर तपासणार काय? इंजिनियरचं बरोबर उलटं. मिल चालू असली तर तो निदान जेवायला घरी दिसतो, मोडली की गेला. म्हणजे आमच्या घरी सुट्टी लागली की शेजारी सुतक. दुसरं कुणी असतं तर यावरून मनं कडू झाली असती. आमच्याकडे भावजीच रोलरखाली शिरण्याआधी शिपायाकडून निरोप धाडायचे, की काम मोठं आहे, उद्यापर्यंत काही चालत नाही, वहिनींनी हिला आणि पोरीला घेऊन कुठेतरी जाऊन यावं, त्यांचा दिवस कशाला फुकट घालवायचा.

म्हणून आमची पिशवी कायम भरलेली असायची. निळी रेक्झिनची, स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेली. आत सतरंजी, थर्मास, मुलांच्या टोप्या आणि भडंगाचा मोठा डबा. भडंग शेजारच्या घरातलं. सांगलीच्या माणसाला चुरमुरे कुठे मिळतात हे कुठल्याही देशात चौथ्या दिवशी कळतं. मिलची घरघर थांबली की त्या शांततेनेच पहाटे जाग यायची. मी उठून आधी थर्मास भरायला घ्यायचे, मग काय मोडलंय ते विचारायचे. हे माणुसकीला धरून नव्हतं, पण खरं होतं.

आणि बघायला काय कमी होतं तिथे! तलावाच्या काठाला पाणघोडे. सकाळच्या पाण्यात नुसते कान आणि नाकपुड्या वर, आणि मधूनच एखादा अशी जांभई द्यायचा की मुलं माझ्या मागे लपायची. मासळीबाजारात टकले करकोचे, कोळ्यांच्या पायापायात म्हाताऱ्या हिशेबनिसांसारखे हिंडणारे. होडीने एका बेटावर गेलं की तिथे हरणं, आणि वर मत्स्यगरुड, ज्याच्या ओरडण्याने माझा मुलगा दर वेळी दचकायचा आणि दर वेळी मी दचकलोच नाही म्हणायचा. जरा लांब गेलं तर घनदाट रान आणि त्यात पाठीवर पांढरी झालर घेतलेली काळी माकडं. आमचे हे गळ्यात दुर्बीण अडकवून पुढे. पक्ष्यांची नावं यांना कधीच यायची नाहीत, पण माहीत नाही असं म्हणणं केमिस्टच्या रक्तात नाही. 'आफ्रिकन साळुंकी' एवढ्या एका नावावर यांनी कित्येक जातींचे पक्षी खपवले.

शेजारीण मात्र गाडीतून उतरायची नाही. ती सहलीला यायची, भडंग वाढायची, मुलीच्या टोपीचा बंद बांधून तिला माझ्या स्वाधीन करायची आणि पांढऱ्या स्टेशन वॅगनच्या पुढच्या सीटवर बसून राहायची. जनावराची भीती वाटते म्हणायची. पाणी बघून गरगरतं म्हणायची. गाडी मात्र ती सांगेल तशी लावावी लागायची, तलावाकडे पाठ आणि मैदानाकडे तोंड. हे चिडायचे. एवढं लांब यायचं आणि उसाकडे बघत बसायचं तर घरची खिडकी काय वाईट होती, असं मला म्हणायचे, तिला नाही.

परतीच्या वाटेवर मात्र ती मला सोडायची नाही. पाणघोडे किती होते, पिल्लू होतं का, पिल्लू आईच्या कुठल्या बाजूला होतं, गरुडाने मासा धरला तो तोंड पुढे करून की आडवा. मला सांगता सांगता दम लागायचा. मला वाटायचं, बिचारीला भीती वाटते पण हौस आहे.

मग तो चिलटांचा दिवस आला. व्हिक्टोरिया तलावावर वर्षातून काही वेळा चिलटं उठतात. पाण्यातून एकदम, कोट्यवधी, आणि त्यांचे उंच काळे खांब वाऱ्याबरोबर जमिनीकडे सरकतात. तिथले लोक त्यांच्या वड्या करून खातात, आम्ही तोंड झाकून घ्यायचो. त्या दिवशी मिलचा मोठा गिअर गेला होता आणि आम्ही कोळ्यांच्या वस्तीजवळ सतरंजी पसरून नुकते कुठे बसलो होतो. तेवढ्यात ती गाडीतून हाका मारायला लागली, चला, चला, लगेच निघायचं. आयुष्यात आवाज चढवला नसेल अशी बाई हॉर्न वाजवत होती. मुलीला काही चावलं की काय म्हणून मी धावत गेले. तर ही मैदानाकडे बोट दाखवते, 'धूर आलाय. बॉयलर पेटला.'

कारखान्याचं धुराडं तिथून काडीएवढं दिसायचं. मिल बरेच तास बंद राहिली की बॉयलर विझवत आणायचे, आणि चालू करताना चिपाड टाकून पुन्हा पेटवला की आधी काळाभोर धूर यायचा. दूरवर काळा खांब दिसत होता हे खरं, पण तो हलत होता. मी म्हटलं, अगं, ती चिलटं आहेत. तिने ऐकलं नाही. आम्ही अर्धं भडंग डब्यात कोंबून घरी आलो. मिल बंद ती बंदच होती. ह्यांचं तोंड त्या दिवशी बघण्यासारखं झालं होतं, आणि पुढे कितीतरी महिने कॉलनीतल्या बायका तिला चिलटांना घाबरून पळालेली म्हणून चिडवत होत्या. ती हसून घ्यायची.

संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून तिने मला खरं सांगितलं. भीती-बिती काही नाही. बॉयलर पेटला म्हणजे काम संपलं, म्हणजे नवरा तासाभरात घरी येणार, वंगणाने काळा होऊन, उभ्या उभ्या झोपेला आलेला. त्या वेळी घरात आपण नाही, चूल थंड, हे तिला सहन व्हायचं नाही. म्हणून ती धुराडं दिसेल अशा ठिकाणी बसून राहायची. मग यायचंच कशाला, मी विचारलं. तर म्हणे, मी घरात बसले तर त्यांना वाटेल माझ्या कामापायी ही कोंडून पडली. आणि रात्री जेवताना त्यांना काहीतरी सांगायला हवं ना. दिवसभर नुसतं लोखंड बघून आलेला माणूस.

'त्यांना कळू देऊ नका हं,' ती म्हणाली. 'मी काही बघितलं नाही म्हणून.'

नाही कळू देणार म्हटलं आणि पाळलं. पुढच्या सहलीपासून मीच गाडीचं तोंड कारखान्याकडे करायला लावत होते, आणि बघायचे तेही तिला सांगता येईल असं नीट बघायचे. खरं सांगायचं तर मला जनावरं तिच्यामुळे दिसायला लागली.

काही वर्षांनी ते सांगलीला परत गेले आणि आम्ही इकडे कॅनडात आलो. हे एका बिस्किटांच्या कारखान्यात लॅबला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. मुलगा नॉर्थ यॉर्कमध्ये कुठल्याशा टॉवरात बसून सॉफ्टवेअर करतो आणि त्याच टॉवरासमोरच्या दुसऱ्या टॉवरात राहतो. आम्ही हॅमिल्टनला. का, तर इथे पाणी आहे. इथल्या मोठ्या सरोवराचा एक फाटा शहराच्या कुशीत शिरलाय, त्याला सगळे नुसतं 'बे' म्हणतात. एका काठाला पोलादाचे कारखाने, दुसऱ्या काठाला झाडं, बाक आणि पक्षी. माझं म्हणणं, माणसाला एवढं पुरतं.

भावजींची ती टोपीवाली मुलगी पुढे शिकायला म्हणून कॅनडात आली आणि योगायोगाने हॅमिल्टनच्याच एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स झाली. एकटी राहते. त्याबद्दल कुणी हळहळलेलं तिला चालत नाही, तेव्हा मीही हळहळत नाही. मागच्या वर्षी तिची आई गेली. फोनवर ऐकलं तेव्हा मी भांडी घासत होते, आणि तशीच घासत राहिले, कारण थांबले असते तर खाली बसले असते. यंदा उन्हाळ्यात मुलगी सांगलीला जाऊन वडिलांना घेऊन आली.

त्यानंतर सप्टेंबरात एकदा ती ड्यूटीवरून थेट आमच्याकडे आली. चहा पुढे ठेवला तो तसाच गार केला. म्हणाली, बाबांनी नोव्हेंबरचं परतीचं तिकीट काढायला लावलंय. सांगलीच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहणार म्हणतात. हृदयाचा त्रास, दोन वेळा पडून झालंय, आणि शेजारचं दार बंद असतं. इथे असते तर निदान मी आहे. पण इथे ते दिवसभर खाली बेसमेंटमध्ये बसतात, घर तापवायच्या फर्नेसची मोटर खोलतात आणि परत बसवतात. मी कामावरून आले की 'आलीस?' म्हणतात, मी 'हो' म्हणते, संपलं. बाहेर चला म्हटलं तर नको.

'काकू, मी त्यांना फोर्स नाही करू शकत,' ती म्हणाली. 'पण तिकडे एकटे असताना काही झालं ना, आय वोन्ट फरगिव्ह मायसेल्फ. तुम्ही बोलून बघा. तुमचं ऐकतात ते.'

माझं कुणी ऐकतं हे मला नवीनच होतं. पण तिच्या बोटांना सॅनिटायझरने भेगा पडलेल्या दिसल्या आणि मी हो म्हटलं.

बोलायला घरी जाऊन उपयोग नव्हता. बेसमेंटमध्ये बसलेल्या माणसाला बेसमेंटमध्ये जाऊन काय पटवणार? मी यांना म्हटलं, पिशवी काढा. निळी पिशवी केव्हाच फाटली, आता ग्रोसरीची कापडी आहे, पण सतरंजी तीच. भडंग मी केलं. तिच्यासारखं झालं नाही, लसूण जास्त पडला. मग मी भावजींना फोन करून सांगितलं की उद्या सकाळी आम्ही बेवर जातोय आणि तुम्ही येताय. ते म्हणाले, पोरीची ड्यूटी आहे उद्या. मी म्हटलं, मग काय झालं, आपल्या सहली ड्यूटीच्या दिवशीच होतात. मग म्हणाले, बरं.

सकाळी ते दारात तयार उभे होते. इस्त्रीचा शर्ट, वर मुलीने आणलेलं जाड जॅकेट, त्याची बाही एक वीत लांब. केवढे वाळले होते! किसुमूत हा माणूस एका हाताने गॅस सिलिंडर उचलायचा. मला बघून वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी बडबडते, म्हणून गाडीत मी कॅनडातल्या बदकांना, रस्त्यातल्या खड्ड्यांना आणि यांच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवत बसले.

आम्ही पलीकडच्या, झाडांच्या काठाला गेलो. बाकावर बसलं की समोर पाणी आणि पाण्यापलीकडे पोलादाच्या कारखान्यांची धुराडी, एका ओळीत. त्यांच्या उजव्या हाताला, जरा आत, मुलीच्या हॉस्पिटलची इमारत. यांनी ती बोटाने दाखवली. भावजींनी दुर्बीण न घेता तिकडे पाहिलं आणि मान हलवली. मग धुराड्यांकडे वळले. त्यांचं म्हणणं पडलं की डावीकडची ती वाफ आहे, धूर नव्हे, आणि ती पिवळी ज्योत म्हणजे उरलेला गॅस जाळतात. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून आलेली ही पहिली दोन सलग वाक्यं.

पक्षी त्यांनी बघितले नाहीत असं नाही. दोन मोठे हंस जवळून गेले, पंखांवर नंबर लिहिलेले पिवळे बिल्ले. यांनाही कामगारांसारखा टोकन नंबर असतो की, भावजी म्हणाले. पाणकावळे जुन्या खांबांवर पंख वाळत घालून बसले होते. कडेच्या लव्हाळ्यात एक उंच राखी बगळा इतका निश्चल उभा होता की आमचे हे त्याला पुतळा ठरवून मोकळे झाले. मग पुतळ्याने मासा पकडला. हे 'आफ्रिकन' म्हणायला तोंड उघडत होते, मी नुसतं पाहिलं. मग ते जवळून फोटो काढायच्या निमित्ताने काठाने चालत लांब गेले. पन्नास वर्षांच्या संसारात दुसरं काही नसेल शिकला, पण हा माणूस एवढं तरी शिकलाय, की बायकोला बोलायचं असलं की फोटो काढायला जावं.

मी भडंग वाढलं. तिकिटाचा विषय कुठून काढावा याची मनात जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात भावजी म्हणाले, 'वहिनी, त्या झाडांवर धूर कसला हो? काही पेटलंय का?'

काठाच्या झाडांच्या शेंड्यांवर काळपट खांब उभा राहिला होता, हलता. मी बघितलं आणि मला हसूच फुटलं. चिलटं. इथेही उठतात, सरोवराच्या काठाला, तिकडच्यासारखी अफाट नाहीत एवढंच. मी सांगितलं तसे ते खांबाकडे बघत राहिले. म्हणाले, ती सांगायची हे. चिलटं उठली की थेट धुरासारखी दिसतात म्हणायची. पाणघोड्याची जांभई, गरुडाचा मासा, सगळं सांगायची, मला पाठ आहे.

मग माझ्याकडे न बघता विचारलं, 'ती गाडीतून उतरायची नाही ना?'

मी भडंगाच्या डब्याचं झाकण लावलं. लागेना. एवढ्या वर्षांपूर्वी दिलेला शब्द, आणि जिला दिला ती नाही. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

कुणी नाही, ते म्हणाले. चपला. तिथली काळी माती, चिकट. सहलीच्या दिवशी घरी आलो की पोरीच्या चपला मीच खरवडायचो, कारण ती तोवर ताट वाढत असायची. तिच्या चपला मात्र कायम स्वच्छ. पहिल्यांदा वाटलं धुतल्या असतील. मग कळलं.

'मग विचारलं का नाहीत तिला?'

'काय विचारणार? मला वाटलं, रुसलीय. नवरा येत नाही तर मी एकटीने कशाला बघू, म्हणून बसून राहत असेल. आणि रात्री मला एवढं रंगवून सांगतेय ते का, तर बघा, तुम्ही काय काय घालवलंत. मी मान खाली घालून जेवायचो. तिथली सगळी वर्षं तिने माझ्यावर रुसून काढली, वहिनी. पुढे सांगलीलाही मी तो विषय काढला नाही आणि तिनेही नाही. ती गेली तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात तेच होतं.'

मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. दोघांचाही. एका ताटात जेवणारी माणसं, आणि एकाला वाटतं हा दमलाय, त्याला कळू देऊ नये. दुसऱ्याला वाटतं ही रागावलीय, हिला विचारू नये. मी शब्द मोडला. जिच्यासाठी पाळला होता तिनेच मला मोडायला लावला असता. मी त्यांना सगळं सांगितलं. गाडीचं तोंड कुणीकडे असायचं आणि का. धुराडं काडीएवढं दिसायचं ते. चिलटांना धूर समजून तिने हॉर्न वाजवला ते. धूर आला की तासाभरात तुम्ही याल, आणि तुम्ही याल तेव्हा चूल पेटलेली हवी, म्हणून ती तलावाकडे पाठ करून बसायची. मला प्रश्न विचारून विचारून जनावरं गोळा करायची, कारण तुम्हाला दिवसभर लोखंडाशिवाय काही दिसायचं नाही. टोमणा नव्हता तो, भावजी. डबा होता तुमच्यासाठी बांधून आणलेला.

जॅकेटची लांब बाही ओढून त्यांनी बोटांवर घेतली.

मग म्हणाले, 'चिलटांच्या दिवशी मोठा गिअर गेला होता. मी दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. ती पायरीवर बसली होती. मी म्हटलं, काल लवकर आलात म्हणे सगळे. तर म्हणाली, हो, कंटाळा आला.' आणि पुन्हा तेच म्हणाले. 'कंटाळा आला म्हणाली हो.'

ते रडले आणि मीही रडले. दोन म्हातारी माणसं बाकावर बसून रडताहेत आणि पुढ्यात भडंग, हे बघून एक पळणारी मुलगी थांबून 'आर यू ओके?' म्हणून विचारून गेली. आमचे हे लांब उभे राहून एकाच हंसाचे फोटो काढत होते. चिलटांचा खांब वाऱ्याने मोडला आणि पाण्यावर पसरला. मी तिकिटाचं काही बोलले नाही. बोलायला आणलेलं मी सगळं विसरले होते.

परत येताना भावजी मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसले. गाडी पुलावर आली असेल नसेल, त्यांनी विचारलं, 'तो बगळा. त्याने मासा धरला तो कसा? आडवा की उभा?'

मी म्हटलं, तुम्ही समोरच होतात की.

'माझं लक्ष कुठे होतं. नीट सांगा. आणि त्या हंसाच्या बिल्ल्यावर नंबर कुठला होता? पिल्लं नव्हती का बरोबर?'

मी सांगितलं. आडवा धरला, मग मान वर करून उभा केला, मग गिळला, आणि गळ्यातून खाली जाताना दिसत होता. नंबर यांच्या फोटोत सापडला. पाणकावळे पंख का पसरतात, याचं कारण हे सांगायला लागले तेव्हा भावजींनी त्यांना दोनदा अडवून उलटतपासणी केली. घर आलं तरी प्रश्न संपेनात. मला त्या पुढच्या सीटची आठवण झाली, मान मागे वळवून मला असंच पिळून काढणाऱ्या बाईची, आणि मी दमले तरी एक शब्द गाळला नाही. उतरताना ते म्हणाले, पोरीला यायला मिळालं नाही ना आज. दिवसभर आजारी माणसं बघून येते.

रात्री जेवणं आटोपल्यावर मुलीचा फोन आला. मला वाटलं तिकिटाचं विचारेल. ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. म्हणाली, काकू, मी घरी आले तर टेबलवर ताट वाढलेलं. बाबांनी मला एक घास खाऊ दिला नाही शांतपणे. ही वॉज अ बर्ड, काकू. एका पायावर उभे राहिले किचनमध्ये. आई अशीच सांगायची तिकडे, मला आत्ता आठवलं.

दोन-तीन दिवस गेले आणि भावजींचाच फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट म्हणाले, शनिवारी पोरीची डबल शिफ्ट आहे, तुम्हाला जमेल का. मी म्हटलं, न जमायला काय झालं. मग त्यांनी विचारलं, ते पाणी जानेवारीत गोठतं आणि माणसं वरून चालतात असं ऐकलं ते खरं का. खरं आहे, मी म्हटलं. मग तेव्हा ते पक्षी काय करतात? ते मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, म्हणजे बघावं लागेल, तिला सांगायला.

जानेवारी नोव्हेंबरच्या नंतर येतो, एवढं मला कळतं. मी पुढे काही विचारलं नाही. पिशवी भरून ठेवते म्हटलं आणि फोन ठेवणार तेवढ्यात त्यांनी थांबवलं.

'वहिनी, गाडी जरा अशी लावायला सांगा यांना, की हॉस्पिटल दिसेल.'

मी म्हटलं, बरं.